सीटी स्कॅनरच्या ब्रशची धूळ ओढणारं युनिट : नऊ महिने वापरल्यानंतर

सीटी स्कॅनरची देखभाल हे माझं रोजचं काम आहे. नऊ महिन्यांपूर्वी आमच्या एका मशीनच्या ब्रश ब्लॉकवर, म्हणजे फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे ब्रश ज्यात बसतात त्या ठोकळ्यावर, धूळ ओढून घेणारं सक्शन युनिट बसवलं. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आता चांगलं-वाईट दोन्ही पाहून झालं आहे.

ज्यांनी गॅन्ट्री (मशीनचा मधे भोक असलेला गोल भाग) उघडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. जुन्या मशीनमध्ये फिरणाऱ्या भागाला वीज केबलने जायची. एक फेरा झाला की थांबायचं आणि उलटं फिरून केबल उलगडायची. 1987च्या सुमारास स्लिप रिंगवाली मशीन आली, म्हणजे फिरणाऱ्या भागावर धातूची कडी आणि त्यांना टेकलेले स्थिर ब्रश, आणि ही कटकट संपली. न थांबता फिरता येऊ लागलं, म्हणूनच 1989पासून हेलिकल स्कॅन (टेबल सरकत असताना सलग फिरत घेतलेला स्कॅन) शक्य झाला. पण यात वीज जाते ती ब्रश रिंगला घासूनच. घासणं आलं की झीज आली, आणि ब्रश ग्रॅफाइटचा असला की ती झीज म्हणजे काळी, वीजवाहक भुकटी. पेशंट आत जाईल एवढं भोक मधे ठेवायचं म्हणजे रिंगही मोठीच लागते. 1.2 मीटर व्यासाची रिंग अर्ध्या सेकंदात एक फेरा घेत असेल तर ब्रशखालून सेकंदाला साडेसात मीटर धातू सरकतो. दिवसभर स्कॅन चालू असतील तर किती घासणं होत असेल त्याचा अंदाज यावरून करा.

ही भुकटी खाली पडून गप्प बसत नाही. फिरणाऱ्या रिंगबरोबर हवाही फिरते आणि भुकटीला सगळीकडे नेते. दोन रिंगांच्या मधल्या खाचेत ती साचली की विजेला नको ती वाट मिळते. आधी लीकेज (विजेची गळती), मग ठिणगी, आणि ठिणगीने इन्सुलेशनवर जळकी रेघ उमटली की तो भाग बदलण्यावाचून इलाज नाही. डेटाच्या ऑप्टिकल लिंकवर (फिरणाऱ्या भागातून माहिती प्रकाशाने बाहेर पाठवणारी जोडणी) बसली की एरर येतात, स्कॅन मधेच थांबतो. लोकांना हा मशीनचा त्रास वाटतो. मला टेबलावरचा माणूस दिसतो. त्याच्या शिरेत कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते औषध) गेलेलं असतं, श्वास रोखून तो पडलेला असतो, आणि चिमूटभर काजळीपायी त्याला पुन्हा रेडिएशन घ्यावं लागतं. युनिटसाठी मी आग्रह धरला तो याच कारणाने.

रचना सोपी आहे. ब्रश जिथे रिंगला टेकतो त्याच्या लगेच पुढे, रिंग ज्या दिशेने जाते त्या बाजूला, चपट्या तोंडाची नळी बसते. तिथून पाइप स्थिर बाजूच्या डब्यात जातो आणि डब्यात हेपा (अगदी बारीक धूळही अडवणारा) फिल्टर असतो. गॅन्ट्री फिरायला लागली की सक्शन आपोआप सुरू होतं.

फरक पडला का? पडला, आणि डोळ्यांना दिसेल इतका. पूर्वी तीन महिन्यांनी कव्हर काढलं की टॉर्च तिरका धरताच खाचांमध्ये काजळाची जाड रेघ दिसायची, हातमोज्याची बोटं पहिल्याच स्पर्शात काळी व्हायची. आता खाचेत राखाडी पुसट थर असतो. ब्लॉकच्या खालच्या ट्रेमध्येही पूर्वीसारखा ढीग नसतो. लिंकचे एरर लॉगमध्ये अगदी क्वचित दिसतात. एवढ्यावरूनच मी हे युनिट काढू देणार नाही.

पण मला खरा फायदा मिळाला तो वेगळाच. धूळ एका डब्यात जमायला लागल्यावर ती वाचता येऊ लागली. दर महिन्याला मी फिल्टरचं वजन करून वहीत लिहितो. सहाव्या महिन्यात स्कॅन नेहमीएवढेच झाले होते, तरी धूळ जवळजवळ दुप्पट भरली. ब्रश काढून पाहिले. नीट चालणाऱ्या ब्रशचं तोंड गुळगुळीत असतं, फिरण्याच्या दिशेने बारीक रेघा असतात. यांची तोंडं खरखरीत झाली होती. स्प्रिंगचा दाब तपासला, ठीक होता. शेवटी खोलीच्या हवेची नोंद काढली, तर एसीच्या दुरुस्तीनंतर आर्द्रता मशीनच्या मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेच्याही खाली राहत होती. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सहज घसरायला हवेतली वाफ लागते. हवा फार कोरडी झाली की तोच ब्रश खडूसारखा झिजतो. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश काही तासांत संपायचे, त्याचं कारण हेच निघालं होतं. आर्द्रता जाग्यावर आणली आणि पुढच्या दोन महिन्यांत वजन परत खाली आलं. डबा नसता तर हे मला ब्रश संपल्यावरच कळलं असतं.

आता तक्रारी. पहिल्या बसवणीत पाइप साध्या प्लास्टिकचा दिला होता. कोरडी भुकटी त्यातून वाहताना पाइपवर स्थिर वीज साठते आणि धूळ आतल्या बाजूला चिकटून बसते. महिन्याभरात पाइप आतून काळा झाला, ओढ कमी झाली. मी आग्रह धरल्यावर अँटिस्टॅटिक पाइप आला आणि त्याला अर्थिंग जोडलं. हे सुरुवातीलाच व्हायला हवं होतं, याबद्दल माझी पुरवठादारावर नाराजी आहे. एका नळीचं तोंडही ब्रशपासून काही मिलिमीटर जास्त लांब बसवलं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण त्याच ब्लॉकखाली धूळ पडत राहिली आणि अंतर कमी केल्यावर थांबली. तिसरी गोष्ट म्हणजे फिल्टर भरल्याची खूण डब्यावर कुठेच नाही. माझी वजनाची वही आहे म्हणून भागतं, पण जिथे अशी वही नसेल तिथे भरलेला फिल्टर तसाच राहील. आवाजाचं म्हणाल तर गॅन्ट्रीच्या आवाजात तो जाणवत नाही.

युनिट आलं म्हणून हाताची सफाई सुटत नाही, हे नीट सांगायला हवं. खाचांच्या कोपऱ्यांतली धूळ सक्शनला सापडत नाही. ती मी अजूनही मऊ अँटिस्टॅटिक ब्रशने सोडवतो आणि हेपा व्हॅक्युमने ओढतो, मशीनची वीज तोडून, कुलूप लावून आणि वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे झाल्याचं मीटरने बघून. मास्क घालतो. ब्लोअर मारू नका, कधीच नाही. ब्लोअरने धूळ जात नाही, ती डिटेक्टरच्या आणि सर्किट बोर्डांच्या दिशेने उडते आणि जिथे आपला हात पोचत नाही तिथे बसते. रिंगवर जो तपकिरी चकचकीत थर चढतो तो मळ समजून पॉलिश पेपरने घासणारेही मी पाहिलेत. तो थर ब्रशला लागतोच. घासून काढला तर परत चढेपर्यंत ब्रश जास्त वेगाने झिजतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

दुसऱ्या मशीनसाठीही मी हेच युनिट मागवलं आहे, मागणीत अँटिस्टॅटिक पाइप आणि डब्याला दाबाचा गेज लिहून. त्या मशीनचे ब्रश पुढच्या महिन्यात बदलायचे आहेत, तेव्हाच ते बसवून घेणार. नवा ब्रश रिंगवर पूर्ण टेकून बसेपर्यंत सगळ्यात जास्त धूळ पाडतो, आणि पहिले काही दिवस मी डबा रोज उघडून बघणार आहे.