पायथ्याचं दगडफूल की शिखराचं? बुरशी एकच, जीन्स वेगळे

आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. त्याचाच एक लांबचा नातेवाईक लासालिया पुस्टुलाटा, इटलीच्या सार्डिनिया बेटावर लिंबारा डोंगराच्या ग्रॅनाइटला मधल्या एकाच टोकाने धरून बसतो, अंगभर फोड, सुकला की कडक, पाऊस पडला की मऊ.

आता मजा बघा. पायथ्याशी उन्हाळा कोरडा नि तापलेला, वर थंडी आणि ओलावा. प्रजाती तीच, पण २०१७ च्या अभ्यासात खालच्या आणि वरच्या बुरशीचे जीनोम (सगळ्या जीन्सचा संच) चक्क वेगळे निघाले, आणि हा फरक हवामानाशी जुळतो! पुढे असंही दिसलं की खास रसायनं बनवणारे काही जीन-गट फक्त एकाच हवामानातल्या बुरशीत सापडतात. सोबतचं शेवाळही उंचीप्रमाणे बदलतं, म्हणजे सगळं श्रेय बुरशीला देऊन चालणार नाही.

पसरायची पद्धत मात्र खालच्या-वरच्या दोघांची एकच, पृष्ठभागावरचे बारीक काळपट तुकडे तुटतात आणि बुरशी-शेवाळ दोन्ही सोबतच जातात, त्यामुळे जोडी जमलेली असते पण जीन्सची सरमिसळ कमी होते.

टिकाव कोणाचा जास्त? माझं मत पायथ्याच्या बुरशीच्या बाजूने, कारण तापमान वाढलं तर तिला वर सरकायला जागा तरी आहे, आणि वरचीची खरंच काळजी वाटते, डोंगर १,३६२ मीटरला संपतो, त्यापुढे दगडच नाही.