उरणला भाड्याने घर घेताय? डिपॉझिट द्यायच्या आधी हे वाचा

मिस्टरांना द्रोणागिरीला कंटेनर यार्डात जॉब लागला म्हणून आम्ही भांडुपवरून उरणला शिफ्ट व्हायचं ठरवलं. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतू पण त्याच महिन्यात सुरू झाला, तेव्हापासून बाहेरून येऊन घर शोधणारी आमच्यासारखी माणसं वाढलीत, आणि त्यांना लुटणारे पण.

ऑनलाइन अ‍ॅड होती, उरणमधल्या मोरा भागात छोटं बैठं घर, एक खोली, किचन, मागे पडवी, भाडं 6000, डिपॉझिट 40000. माणूस बोलायला एकदम साधा, घरमालक म्हणून भेटला, स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं, आत त्याचा गॅस, कपाट, कपडे सगळं होतं. म्हणाला अलिबागला बदली झाली, आठवड्यात सामान हलवतो. घर दाखवायला भर दुपारी बोलवायचा. तेव्हा गल्लीतल्या बायका बाजारात मासे विकायला गेलेल्या असतात, विचारायला कोणी नाही, हे नंतर कळलं.

लाइट बिल मागितलं तर त्याने दाखवलं पण नाव वेगळंच. लगेच म्हणाला, "आजोबांच्या नावावर आहे ताई, इथे सगळ्यांचं असंच असतं." आणि खरी गोम इथेच आहे, कारण उरणला खरोखरच असं असतं. गावठाणातली घरं दोन पिढ्या आधीच्या नावावर चालतात, नवी मुंबई वसवायला सिडकोने (सरकारी कंपनी) जमिनी घेतल्यावर लोकांनी गरजेपोटी बांधलेली घरं तर कितीतरी आहेत, त्यांचे कागद कधी धड नसतात. म्हणजे खऱ्या मालकाकडे पण कागद नसतो आणि चोराकडे पण नसतो, आणि चोर नेमका यावरच खेळतो.

10000 जीपेने टोकन दिले, बाकीचे चावी देताना कॅश. अ‍ॅग्रीमेंट 500 च्या स्टॅम्पवर नोटरी केलं. रजिस्टर करू म्हटलं तर "कशाला उगाच खर्च".

सामानाचा टेम्पो घेऊन गेलो तर दाराला नवीन कुलूप आणि ओट्यावर अजून एक फॅमिली बसलेली, त्यांच्याही हातात तसलंच अ‍ॅग्रीमेंट, सही तीच, घर तेच, फक्त तारीख वेगळी. शेजारच्या मावशी वलांडीवर बोंबील घालत होत्या, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "अगो बाय, तो भाडेकरू होता, मालक मुंबईला ऱ्हातो." पोराला कडेवर घेऊन मी तिथेच खाली बसले. फोन तर कधीच स्विच ऑफ.

तर आता जे कोणी मोरा, भवरा, केगाव, करंजा साइडला घर बघताय त्यांनी प्लीज एवढं करा. संध्याकाळी परत जा आणि आजूबाजूच्या दोन घरी विचारा मालक कोण, गावात सगळ्यांना माहीत असतं. घरपट्टीची चालू पावती बघा, नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची, आणि नाव आजोबांचं असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाशी तरी समोरासमोर बोला. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टर करणं महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर करताना मालकी कोणी तपासत नाही हे खरं, पण मालक म्हणून बसणाऱ्याचा फोटो, अंगठा, आधार सगळं सरकारी रेकॉर्डला जातं, फसवणाऱ्याला तेच नको असतं. म्हणून आधी रजिस्ट्रेशन, मग डिपॉझिट, आणि तेही बँकेतूनच, कॅश अजिबात नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आम्ही आणि त्या दुसऱ्या फॅमिलीने मिळून तक्रार दिलीये. तुमच्याकडेही असाच आजोबांच्या नावाचा मोऱ्याचा "मालक" आला असेल तर चॅट डिलीट करू नका, कॉल रेकॉर्डिंग, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी, ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन पोलिसात जा. जितक्या जास्त तक्रारी जातील तितकी केस पक्की होईल.