४०० की ३४०? हंटिंग कंपाउंड बोसाठी बाणाची स्पाइन: भातकापणीपासून पहिल्या पावसापर्यंतचा अनुभव

निकाल आधी सांगून टाकतो, कारण बाण मागवायच्या घाईत असलेल्या माणसाला तोच हवा असतो. माझा बो, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य, ५८ पौंडांच्या ओढीवर लावलेला आहे, ड्रॉ म्हणजे दोरी ओढायची लांबी २८ इंच आणि बाणही २८ इंचांवर कापलेले. या जुळणीत ४०० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचं माप) बाण १०० ग्रेनच्या (साडेसहा ग्रॅमच्या आसपास) टोकासह व्यवस्थित जातो. पण मी शेवटी ३४० वर स्थिरावलो, तोही १२५ ग्रेनचं टोक लावून. तुमचं वजन, लांबी किंवा टोक वेगळं असेल तर माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. तो कसा ठरवला, ते मात्र उपयोगी पडेल.

‘हंटिंग बो’ हे नुसतं जातीचं नाव. एका चाकाच्या धुरीपासून दुसऱ्या चाकाच्या धुरीपर्यंत ३१ इंच, म्हणजे स्पर्धेच्या लांब कंपाउंडपेक्षा आखूड आणि अंगाला आटोपशीर. शेजारचे काका पहिल्याच दिवशी गडग्यावरून वाकून म्हणाले, “काय रे, डुकरांचा बंदोबस्त करणार वाटतं?” म्हटलं, “नाही काका, पेंढ्याचा.” रानडुकरांनी भात आणि वानरांनी नारळ किती नासवले याचं दुःख गुहागर तालुक्यात कुणाला सांगायला नको, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि माझा तो विषयही नाही. कुणग्यात (भाताच्या खाचरात) पेंढा दाबून बांधलेलं टार्गेट, मागे मातीचा उंच बांध, आणि सुट्टीच्या दिवशी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, लांबचे पल्ले, एवढाच माझा उद्योग.

आता स्पाइन. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवायचा आणि मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं. बाण जितका वाकेल ते इंचाच्या हजारांशात मोजायचं. ४०० म्हणजे ०.४०० इंच, साधारण १० मिलिमीटर. ३४० म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या जरा वर. आकडा लहान तितका बाण ताठ, हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. मी हा प्रयोग घरीच केला. वाण्याकडची ५००, २००, १००, ५०, २० आणि १० ची वजनं मिळून नेमके ८८० ग्रॅम होतात. ती पातळ पिशवीत घालून टांगली आणि होडीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणला. बाणांवर छापलेले आकडे जवळजवळ खरे निघाले. एकाच डझनातला एखादा बाण मात्र बाकीच्यांहून थोडा जास्त वाकत होता. त्याला रंगीत नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) लावून वेगळा काढला.

पण हा झाला पडून असलेल्या बाणाचा ताठपणा. सुटताना तो किती वाकेल हे वेगळ्या गोष्टी ठरवतात: बोची ओढ, कॅम किती आक्रमक आहे, बाणाची लांबी, टोकाचं वजन. बाण लांब ठेवला की तो मऊ वागतो, कापला की ताठ. बाण बनवणाऱ्यांच्या स्पाइन निवडायच्या चार्टवर एक इंच लांबी म्हणजे साधारण पाच पौंड ओढीइतका फरक धरतात. टोक जड केलं की बाण पुन्हा मऊ वागतो, कारण मागून दोरी ढकलत असताना पुढचं वजन जागचं हलायला वेळ घेतं आणि मधली नळी वाकते. बोटांनी दोरी सोडणाऱ्याचा बाण आडवा लचकतो. कंपाउंडवर रिलीज (दोरी सोडायचं बटणाचं साधन) वापरला तर तो लचक बराचसा वर-खाली होतो. म्हणून रिकर्व्हवाल्या (बिनचाकांच्या, बोटांनी ओढायच्या धनुष्याच्या) मित्राचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि तिथेच ठेवावा.

चार्ट वाचण्याआधी एक काम कराच: आपल्या बोची खरी ओढ मोजा. खोक्यावर ‘५५ ते ७०’ लिहिलेलं असतं आणि विकणारा तोंडाने ‘साठ’ म्हणतो. मासळीवाल्याकडचा हूकवाला डिजिटल काटा दोरीला अडकवून सावकाश खेचलं, तर सर्वांत वरचा आकडा २६.३ किलोच्या आसपास आला, म्हणजे ५८ पौंड. हे दोन माणसांनी करावं, आणि काही झालं तरी रिकामी दोरी सुटू देऊ नये. बाणाशिवाय सुटलेला कंपाउंड स्वतःचे लिंब (वाकणारे दोन दांडे) फोडून घेऊ शकतो.

५८ पौंड आणि २८ इंच धरून चार्ट मला ४०० कडे नेत होता. १२५ चं टोक मांडलं की बोट सरकून ३४० च्या कडेला जायचं. इथेच लोक अडतात. माझं मत स्पष्ट आहे: कंपाउंडवर दोन खान्यांच्या सीमेवर असाल तर ताठ बाजू घ्या. थोडा जास्त ताठ बाण ट्यून करून वळणावर येतो. जास्त मऊ बाण मात्र गट (बाण एकत्र बसण्याची जागा) फाकवतो, आणि कार्बन ओढीच्या मानाने फारच मऊ असेल तर सुटताना फुटून हातात घुसण्याचा धोका असतो. मी डझन न घेता दोन्ही स्पाइनचे तीन-तीन बाण आधी मागवले. कोकणात दुकानात जाऊन चार शाफ्ट (बाणाच्या नळ्या) मारून बघायची सोय नाही. कुरियरने आलेले आणि कापलेले बाण परतही जात नाहीत, तेव्हा हाच शहाणपणाचा खर्च.

वजनासाठी सोनाराकडे गेलो. त्याने बाण पाहून आधी हात जोडले, मग काट्यावर ठेवला. ४०० वर १०० चं टोक: २४ ग्रॅमला किंचित कमी, म्हणजे ३७० ग्रेनच्या आसपास. ३४० वर १२५ चं टोक: पावणेसत्तावीस ग्रॅम, म्हणजे ४१३ ग्रेन. पौंडामागे किमान पाच ग्रेन हा सर्वसाधारण नियम धरला तर मला २९० लागतात. दोन्ही त्याच्या बऱ्याच वर आहेत, त्यामुळे बोला त्रास नाही. पुढच्या बाजूचा तोल, म्हणजे बाणाचा तोलबिंदू मध्यापासून लांबीच्या किती टक्के पुढे आहे ते, पहिल्याचा साडेबारा टक्के, दुसऱ्याचा चौदाच्या थोडा वर. दहा ते पंधरा टक्के चांगले मानतात.

आता प्रत्यक्ष मारताना काय झालं ते.

वीस मीटरपर्यंत फरक शोधावा लागतो, आणि एवढ्याच पल्ल्यावर मारणाऱ्याने स्पाइनवर डोकं खाऊ नये. चाळीसच्या पुढे चित्र बदलतं. ४०० ला १०० चं टोक असताना गट नीट. तेच १२५ केलं की एखादा बाण विनाकारण बाजूला जाऊन बसायचा, आणि कुठला जाईल ते आधी सांगता येत नसे. ३४० ला १०० चं टोक लावलं तेव्हा पिसं असलेले बाण ठीक गेले, पण बिनपिसाचा बाण टार्गेटमध्ये तिरका रुतत होता. १२५ लावल्यावर तो बऱ्यापैकी सरळ झाला. टोकाच्या वजनाने ताठपणा कमी-जास्त करता येतो, आणि ही टोकं बाणांच्या मानाने फार स्वस्त असतात.

कागदातून बाण मारून फाट बघण्याची पद्धत मी वापरली, पण ती लोकांना उगाच घाबरवते असं माझं मत झालंय. फाट वर-खाली दिसली तर आधी नॉकची उंची बघा. आडवी दिसली तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार), मुठीतला पीळ आणि पिसं कुठे घासतात का ते बघा. हे सगळं जागेवर असूनही फाट हटत नसेल तरच स्पाइनवर संशय घ्या. बिनपिसाचा बाण जास्त प्रामाणिक बोलतो.

समुद्रकाठचा मोठा मुद्दा वाऱ्याचा. सकाळी मतलई वारे मंद असतात, तेव्हा दोन्ही बाण सारखेच शहाणे. ऊन चढून खारे वारे सुरू झाले की सड्यावर आडोसा नाही, आणि तिथे जड, पुढे तोल असलेला ३४० मला कमी ढळताना दिसला. किंमत मोजावी लागते ती वेगात. माझ्या हिशेबाने पाचेक टक्के वेग गेला. त्यामुळे नेम धरायच्या साइटच्या पिनांमधली अंतरं वाढली, आणि पल्ल्याचा अंदाज चुकला तर बाण जास्त खाली बसतो. ज्याला अंतर माहीत नसताना मारायचं आहे त्याने हे मनात धरावं. मी पावलं मोजून खूण करतो, त्यामुळे मला चाललं. ज्या देशांत धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथले लोक स्पाइनबाबत आपल्याहून काटेकोर का असतात, त्याचंही कारण आहे: पातं असलेलं टोक पुढून पंखासारखं वागतं आणि बाणाची लहानशी डगमगही मोठी करून दाखवतं.

कार्बनला दमट हवेने काही होत नाही. बांबूच्या बाणासारखा तो पावसाळ्यात वाक धरत नाही, आणि एवढ्या महिन्यांनंतरही व्हर्नियरवर आकडे तेच. त्रास बाकीच्या वस्तूंना. पोलादी टोकांवर गंज महिन्याभरात दिसू लागतो. कापडाने तेल फिरवलं की थांबतो. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या बाणांपैकी गरम गोंदाने बसवलेली टोकं सैल होऊन पेंढ्यातच राहिली. इपॉक्सीवाली टिकली. खरी पिसं पहिल्या सरीत लोळागोळा झाली, प्लास्टिकच्या व्हेन्सना काही नाही. आणि बाण चिऱ्यावर आपटला तर दिसायला अखंड असला तरी परत मारू नका. दोन्ही हातांनी हलका वाकवून फिरवा. करकर ऐकू आली किंवा बोटाला कुस लागली की मोडून टाका. ही तपासणी मी रोज पहिल्या बाणाआधी करतो.

सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेते झाल्यापासून आपल्याकडे कंपाउंड घेणारे वाढलेत, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. पण स्पर्धेत ओढ ६० पौंडांपर्यंतच चालते आणि ते बो लांब असतात. त्यांच्या बाणांची यादी पाहून आखूड, चपळ कॅमच्या बोसाठी स्पाइन घेऊ नका. दोन्हींचे चार्ट वेगळे असतात.

कापण्याबद्दल थोडंसं. करवत किंवा पाइप कटर लावलात तर कार्बनच्या चिरफळ्या निघतात. पातळ चकतीचा ग्राइंडर, नाकाला मास्क, आणि कापलेली कड सपाट घासून घेणं. आधी थोडा लांब कापा. उरलेला अर्धा इंच नंतर काढता येतो.

पाऊस उघडल्यावर बो ६३ पौंडांवर न्यायचा विचार आहे. तेव्हा हेच ३४०चे बाण ठेवून टोक १०० वर आणून बघेन. ते जमलं नाही तर ३०० चे तीन बाण मागवायचे, डझन नाही. माझे ४०० चे आता भाच्याकडे गेलेत. त्याचा बो ५० पौंडांचा आहे, आणि त्याला ते किंचित ताठ पडतायत. १२५ चं टोक लावून दिलंय.