सायकलच्या इंजिनाचा क्लच : बेळगाव परिसरात मिळालेले सुटे भाग आणि त्यांचा अनुभव

सायकलला बसवायचे टू-स्ट्रोक इंजिन घरपोच मागवता येते. मात्र त्याचा क्लच गेला की त्याचे सुटे भाग कुठे मिळतील, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात अशी इंजिने वापरणारे लोक थोडे आहेत आणि ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांतील पुष्कळांनी क्लच गेल्यावर इंजिन काढून माळ्यावर टाकलेले मी पाहिले आहे. तशी वेळ येण्याचे कारण नाही. या क्लचचे निम्म्याहून अधिक भाग बेळगाव शहरातच मापाने मिळतात किंवा करून घेता येतात आणि बाहेरून मागवावे लागणारे भाग अगदी मोजके आहेत, असा माझा अनुभव आहे. त्यातला कोणता भाग चांगला निघाला आणि कोणता टाकाऊ, ते इथे लिहितो.

ही इंजिने मुख्यतः दोन आकारांत येतात. सिलिंडरचा व्यास ४० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिलिमीटर असला तर ते सुमारे ४८ सीसी भरते; व्यास ४७ मिलिमीटर असला तर सुमारे ६६ सीसी. या दुसऱ्या इंजिनाच्या खोक्यावर मात्र बहुधा ‘८० सीसी’ असे छापलेले असते आणि सुटे भाग मागवताना पहिला गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझे इंजिन ६६ सीसीचे असून ते खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात, घरापासून गोठ्यापर्यंत आणि पुढे काजूच्या बागेपर्यंत चारा व अवजारे नेण्यासाठी वापरतो. सार्वजनिक रस्त्यावर ते नेत नाही, कारण मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनालाच सूट आहे. त्यावरचे इंजिन लावलेली सायकल हे नोंदणी लागणारे वाहन ठरते.

भाग शोधायला निघण्यापूर्वी हा क्लच कसा चालतो, हे नीट समजून घ्यावे, कारण दुकानदाराला ते ठाऊक असण्याची शक्यता कमी असते. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, २० दातांचा लहान गिअर असतो आणि तो ८२ दातांच्या मोठ्या गिअरला फिरवतो. या मोठ्या गिअरच्या अंगात छिद्रे पाडलेली असतात आणि त्या छिद्रांत घर्षणाचे छोटे पॅड बसवलेले असतात. पॅडच्या एका बाजूला शाफ्टला जोडलेली थाळी आणि दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट असते. स्प्रिंगच्या जोरावर या दोन्ही पॅडना दाबून धरतात, म्हणून गिअरबरोबर शाफ्ट फिरतो आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरचे चेनचे चाक मागचे चाक ओढते. मुठीवरचा लिव्हर दाबला की केबल इंजिनाच्या डाव्या अंगाची भुजा ओढते. त्या भुजेखालचा अर्धा कापलेला खिळा फिरून एका पोलादी छर्‍याला ढकलतो, छर्रा पोकळ शाफ्टमधल्या सळईला ढकलतो आणि सळई उजवीकडची प्रेशर प्लेट उचलते. क्लच सुटतो तो असा. ८२ ला २० ने भागले की ४.१ येतात, म्हणजे इंजिनाचा पीळ (फिरवण्याचा जोर) चौपटीहून थोडा अधिक होऊन या पॅडवर येतो. दिसायला इवलेसे असले तरी त्यांच्यावर एवढा भार असल्यामुळे त्यांना तेलाचा अंश लागलेलाही खपत नाही.

यावरून तक्रार आणि भाग यांची सांगड घालता येते. चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण सायकल रेटत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतो, तेव्हा संशय पॅड, स्प्रिंग किंवा तेल यांच्यावर घ्यावा. लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल अडखळत पुढे जाते, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, तेव्हा सळई, छर्रा, खिळा किंवा केबल पाहावी. एक गोष्ट मात्र पुष्कळांना चकवते. पॅड झिजले की प्रेशर प्लेट आत सरकते, सळई डावीकडे दाबली जाते आणि केबलमधली ढिलाई संपते. मग पॅडमध्ये जीव शिल्लक असतानाही क्लच स्लिप होऊ लागतो. तेव्हा केबल थोडी सैल करून काही फरक पडतो का, हे पाहिल्याशिवाय काहीही मागवू नये.

बेळगावच्या दुचाकी सुट्या भागांच्या दुकानांत मी जुना पॅड आणि मोठा गिअर घेऊन गेलो. बहुतेक ठिकाणी क्लच म्हटल्याबरोबर लूना किंवा टीव्हीएसचे क्लच शू काउंटरवर आले, आणि त्यात दुकानदारांचा काही दोष नाही. १९७२ साली बाजारात आलेली कायनेटिकची लूना आणि नंतरच्या टीव्हीएस मोपेड आमच्या भागातल्या दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी इतकी वर्षे वापरल्या आहेत की पायडल आणि इंजिन एकत्र म्हटले की त्यांचीच आठवण होते. मात्र मोपेडचा क्लच इंजिनाच्या वेगाने शू बाहेर फेकले गेल्यावर आपोआप धरतो. आपला क्लच हाताने सोडायचा असतो. दोघांचा एकही भाग एकमेकांना चालत नाही. गिअर हातात घेऊन बराच वेळ निरखल्यावर एका वयस्कर दुकानदाराने सरळ सांगितले, “ह्ये लूनाचं न्हवं की वो. ह्येला उद्यमबागला जावा, लायनरवाल्याकडं.” उद्यमबाग ही बेळगावची औद्योगिक वसाहत आणि लायनर म्हणजे क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर. त्या दिवसातली सगळ्यांत उपयोगी माहिती हीच ठरली.

किरकोळ भाग मिळवणे सोपे गेले. छर्रा ५/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ७.९४ मिलिमीटरचा असतो आणि बेअरिंगच्या दुकानात सुटा मिळतो. सायकलच्या दुकानातून तो घेऊ नये, कारण मागच्या हबचे छर्रे १/४ इंचाचे असतात. ते छिद्रात सैल बसतात आणि मध्यरेषेवरून सरकतात. केबलच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. सायकलच्या ब्रेकची बारीक तार या कामाला पुरत नाही, ती ताणली जाते आणि थोड्याच काळात धागा-धागा तुटू लागते. मोटरसायकलच्या क्लचची जाड तार घेऊन, तिचा एका बाजूचा गोळा लिव्हरच्या खोबणीत बसतो का ते पाहून, दुसरी बाजू स्क्रूच्या पकडीने बांधावी. ही तार कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते.

आता ऑनलाइन मागवलेल्या क्लच सेटविषयी. विक्रेत्याचे नाव इथे घेत नाही. सेटमध्ये मोठा गिअर, त्यात आधीच बसवलेले पॅड, स्प्रिंग, मधला पाकळ्यांचा नट आणि एक सळई होती. गिअर चांगला निघाला. दात स्वच्छ कापलेले होते, माझ्या लहान गिअरशी तो विनातक्रार जुळला आणि फिरताना घरघर झाली नाही. स्प्रिंगही ठीक होती. पॅडनी मात्र निराशा केली. व्हर्नियरने (बारीक मापाच्या साधनाने) मोजल्यावर त्यांच्या जाडीत नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा फरक आढळला आणि दोन पॅड छिद्रात इतके सैल होते की गिअर उभा धरताच खाली पडले. जाडीत फरक असला की जाड पॅडच सगळा भार घेतात, बाकीचे नुसते फिरतात, आणि क्लच धरताना हिसका देतो. सुटे पॅड वेगळे मागवले तर गिअरच्या छिद्रांशी त्यांचा आकार जुळेल की नाही याची खात्री नव्हती, कारण या गिअरच्या वेगवेगळ्या घडणींत पॅडचा आकार वेगळा असतो, आणि विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रावरून ते कळत नव्हते. तक्रारीला उत्तर म्हणून त्याने तोच सेट पुन्हा पाठवण्याची तयारी दाखवली. सळईही मऊ लोखंडाची निघाली. कानशीने घासून पाहिल्यावर टोक सहज खरवडले गेले. अशी सळई छर्‍याच्या दाबाने टोकाशी चेपते, आखूड होते आणि क्लच सुटेनासा होतो. थोडक्यात, गिअर आणि स्प्रिंगसाठी हा सेट घ्यायला हरकत नाही. पॅड आणि सळई यांच्यासाठी घेऊ नये.

या दोन भागांसाठी मी उद्यमबागेत गेलो. ओतकाम, लेथ आणि गिअरकटिंग यांची परंपरा असलेल्या या औद्योगिक वसाहतीत लहान काम घेणारे कारागीर अजून आहेत. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या क्लच प्लेटना नवे लायनर चढवून देणाऱ्या एका कारखान्यात जुना पॅड दाखवला. कारागिराने गिअर उजेडाकडे धरून छिद्रांच्या कडा बोटाने तपासल्या, एका छिद्राच्या काठावरची कुसळे कानशीने साफ केली आणि मगच माप घेतले. लायनरच्या तुकड्यातून पॅड कापून, छिद्रात हाताच्या दाबाने बसतील आणि बोटाने हलणार नाहीत इतपत घासून, सगळ्यांची जाडी एका सपाट पट्टीवर एकसारखी करून त्यांनी दिले. हे काम पाहताना समाधान वाटले. एक सूचना इथे आवर्जून करतो. लायनर कुठल्या प्रकारचा आहे हे विचारून घ्यावे. जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते घासताना उडालेली धूळ फुप्फुसांसाठी अतिशय घातक असते, म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलाच माल मागावा आणि पॅड घरी कोरडे घासू नयेत किंवा धूळ हवेने उडवू नये. बजाज स्कूटरच्या क्लच प्लेटचा कॉर्क कापून लावावा, असाही सल्ला मला एकाने दिला होता. तो क्लच तेलात चालतो आणि आपला कोरडा. तिथला माल इथे बसवणे मला योग्य वाटले नाही.

सळई शेजारच्या लेथवर करून मिळाली. जुन्या, न चेपलेल्या भागाचा व्यास आणि मूळ लांबी सांगून, दोन्ही टोके कडक करून द्यायला सांगितले. लांबी महत्त्वाची आहे, कारण ती चुकली तर डावीकडची भुजा चुकीच्या कोनात उभी राहते आणि केबलची ओढ वाया जाते.

जोडणी करताना क्रँकशाफ्टच्या उजव्या बाजूचे ऑइल सील (तेल अडवणारी कडी) बदलणे टाळू नये, मग ते वरून ठीक दिसत असले तरी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल क्रँकच्या पेटीत असते. सील सैल झाले की ते तेल थेट क्लचच्या बाजूला झिरपते आणि नवे पॅड काही दिवसांत निकामी होतात. सीलच्या काठावर छापलेले आकडे दाखवले की तेच सील बेअरिंगच्या दुकानात मिळते. गिअरच्या दातांना ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढे लावावे. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून पॅडवरच जाते. आणि भाग रॉकेलात किंवा डिझेलमध्ये धुण्याची आपल्याकडच्या गॅरेजची सवय इथे मोडावी लागते, कारण त्यांचा तेलकट थर मागे राहतो. थिनरने पुसून, कोरडे होऊ देऊन, दोन्ही थाळ्यांवर पॉलिश पेपर हलका फिरवावा. मधला पाकळ्यांचा नट त्याच्या छोट्या स्क्रूने रोखलेला असतो. स्क्रू काढून नट खाचेखाचेने आवळावा आणि प्रत्येक वेळी लिव्हर दाबून क्लच सुटतो का ते पाहावे. नट जास्त आवळला तर स्लिप थांबते, पण लिव्हर इतका जड होतो की केबलवर सगळा ताण येतो. लिव्हरमध्ये दोन-तीन मिलिमीटर ढिलाई शेवटी शिल्लक असली पाहिजे.

उद्यमबागेतले पॅड बसवल्यानंतर एक पावसाळा गेला आहे. बागेकडे जाताना लाल मातीचा, खड्ड्यांचा चढ लागतो. चाऱ्याचा भारा मागे बांधून तो चढताना इंजिनाचा आवाज आणि सायकलचा वेग आता बरोबरीने चालतात. क्लच धरताना हिसका नाही. खानापूरच्या पावसात सायकल अनेक दिवस न वापरता उभी राहिली की पॅड थाळीला चिकटतात, तेव्हा लिव्हर दाबून लॉक करून सायकल थोडी पुढेमागे हलवली की ते सुटतात. हा पॅडचा दोष मानू नये.

पैशांचा हिशोब केला तर ऑनलाइन सेटची किंमत आणि टपालखर्च मिळून जेवढे झाले, त्याहून पॅड आणि सळई करून घेणे कमी खर्चाचे पडले. निपाणीकडच्या मंडळींना बेळगावऐवजी कोल्हापूर जवळचे पडत असेल, तर तिथल्या लेथवाल्यांकडेही हेच काम होऊ शकेल. गिअरचे दात गेले असतील तर मात्र सेट मागवावाच लागतो. तो मागवताना छिद्रांचा आकार, मोठ्या गिअरच्या दातांची संख्या आणि पॅडची जाडी विक्रेत्याला आधी लेखी विचारावी, जुन्या गिअरचे पट्टीसह छायाचित्र पाठवावे आणि ‘८० सीसीला बसेल’ एवढेच उत्तर देणाऱ्याकडून तो घेऊ नये.