दातांवर चार व्हेनिअर, दोन बॉन्डिंग: 14 महिने वापरल्यानंतर

माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. घरासमोर हातपंप होता आणि आम्ही सगळे त्याचंच पाणी प्यायचो. त्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कितीतरी गावांत ते याहून जास्त आहे. साधारण आठव्या वर्षापर्यंत, एनॅमल म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं, की कायमचे दातच डागाळलेले येतात. माझे वरचे पुढचे चार दात खडूसारखे पांढुरके होते आणि त्यांवर आडवे तपकिरी पट्टे. घासून जाणारे डाग नव्हेत ते. तरी 'दात घासत नाहीस का?' हे मी वयाच्या बाराव्या वर्षापासून ऐकत आले. लग्नाच्या अल्बममध्ये माझा ओठ उघडलेला एकही फोटो नाही.

आता मी 37 वर्षांची आहे, नागपुरात शाळेत शिकवते. हे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारखे दात असलेले खूप जण आहेत आणि मी एकदा दातांचं काम चुकीच्या पद्धतीने करून घेऊन पैसे आणि वेळ दोन्ही घालवले आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात चारही दातांवर बॉन्डिंग केलं, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन थेट दातावर चढवून लाइटने पक्कं केलं. एकाच बैठकीत, पाऊण तासात. आधी हिरड्यांची सफाई नाही, दात थुंकीपासून कोरडे ठेवणारा रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, नाही, हिरडीतून थोडं रक्त येत होतं तसंच काम चालू. शेड, म्हणजे दाताची रंगछटा, बघितली ती शेवटी, ट्यूबलाइटखाली. घरी आले तेव्हा आरशापुढून हलवत नव्हतं. चौथ्या महिन्यात हिरडीच्या कडेला पिवळी रेघ दिसू लागली, हळदीची. सातव्या महिन्यात भाकरी खाताना एका दाताचा टवका गेला. परत गेले तर उत्तर मिळालं, "आता आठ दातांना कॅपच घालून टाका." कॅप म्हणजे दात चारी बाजूंनी घासून त्याचा खुंट करायचा; दाताचा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो. आतून धडधाकट असलेल्या दातांसाठी हे करायला माझं मन तयार होईना. हो म्हटलं नाही, याचं आज फार समाधान वाटतं.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दोन भेटींत दातांना हातच लावला नाही म्हटलं तरी चालेल. क्लीनिंग, एक्स-रे, भरपूर फोटो, आणि दहा दिवस फ्लॉस करून हिरडीचं रक्त थांबवून येण्याचा गृहपाठ. रक्त किंवा थुंकी लागलेल्या पृष्ठभागावर काहीच धड चिकटत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. मग जुनं बॉन्डिंग काढलं आणि घरी वापरायचे ब्लीचिंगचे ट्रे दिले. त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून तीन आठवडे रात्री लावले. पट्टे गेले नाहीत, पण गडद तपकिरीचे फिकट बदामी झाले. हे का करायचं, तर व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची पातळ चकती, ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते, खाली गडद डाग असेल तर तो आरपार दिसतो. तो लपवायचा तर व्हेनिअर जाड तरी करावी लागते, नाहीतर भिंतीला चुना फासल्यासारखी अपारदर्शक तरी. डाग आधीच फिका झाला की दात कमी घासावा लागतो. ब्लीचनंतर दोन आठवडे थांबलो, कारण दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे बॉन्डिंगचं मटेरियल नीट पक्कं होत नाही. कोणी ब्लीच केल्याच्या दिवशीच बॉन्डिंग करून देतो म्हणालं, तर नको म्हणा.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटला, तो ट्रायलचा. दातांचं माप घेऊन प्लास्टरच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवले आणि त्या आकाराचं तात्पुरतं मटेरियल माझ्या दातांवर चढवलं. दात न घासता, इंजेक्शन न देता. मॅडम म्हणाल्या, "ताई, साठपासून सत्तरपर्यंत मोजा." मी सुरू केलं: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. प्रत्येक आकड्यात स आणि पासष्टला नुसती शिट्टी! त्यांनी समोरच्या दोन दातांची टोकं केसभर कमी केली, पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा कमी केली. तिसऱ्या वेळी पासष्ट सरळ निघालं. मग 'विदर्भ', 'वही', 'फळा' म्हणायला लावून दाताची कड खालच्या ओठाला कुठे टेकते ते पाहिलं. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या बाईला दाताची लांबी किती महत्त्वाची, हे मला त्या खुर्चीत कळलं. तसेच दात घेऊन मी घरी गेले, जेवले, व्हिडिओ काढून बघितला. मला ते जरा चौकोनी वाटले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यांनी कोपरे गोल केले.

शेडसाठी सकाळी दहाला बोलावलं, लिपस्टिक न लावता, खिडकीजवळ, काही करायच्या आधी. तोंड उघडं राहून दात सुकले की ते आहेत त्याहून पांढरे दिसतात, म्हणून शेड सुरुवातीलाच बघायची. मला सर्वांत पांढरी हवी होती. मॅडमनी ती आणि ए-वन ही नैसर्गिक दातासारखी फिकट शेड अशा दोन्ही पट्ट्या दाताशेजारी धरून खालचे दात दाखवले. पांढऱ्याजवळ खालचे दात पिवळे दिसत होते. ए-वन घेतली. गावी गेले तेव्हा आईने हनुवटीला धरून, उजेडाकडे तोंड करून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "दात तुह्येच वाटतात वं." यापेक्षा चांगली पावती मला नको होती.

चार पुढच्या दातांना लिथियम डायसिलिकेट या मजबूत सिरॅमिकच्या व्हेनिअर बसवल्या, ज्यांना सगळे ई-मॅक्स म्हणतात. दोन सुळ्यांवर डाग कमी होते, पण टोकं झिजली होती, त्यांना बॉन्डिंग. व्हेनिअरसाठी दात साधारण अर्धा मिलिमीटर घासला, तोही ट्रायलच्या आकारावरून मोजून, म्हणजे एनॅमल शिल्लक राहील इतकाच. एनॅमलवर व्हेनिअर घट्ट बसते, त्याच्या आतल्या थरावर, डेंटिनवर, पकड त्या मानाने कच्ची. एकदा घासलेलं एनॅमल परत येत नाही, त्यामुळे 'किती घासणार आणि कशावरून ठरवणार?' हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. नऊ दिवस तात्पुरत्या व्हेनिअर होत्या. ते दिवस नाजूक गेले, थंड पाणी झिणझिण्या आणायचं.

बसवण्याच्या दिवशी रबर डॅम लावून अडीच तास गेले. 1955 साली मायकल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने दाखवून दिलं, की फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमल सूक्ष्म खरखरीत केलं तर त्याला रेझिन पकडून बसतं. आजचं सगळं बॉन्डिंग त्यावरच उभं आहे. पण फ्लोराइडने बिघडलेल्या दाताचा वरचा थर या ॲसिडला सहज दाद देत नाही. म्हणून माझ्या दातांचा तो थर आधी हलका काढला आणि ॲसिडही नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं. आधीचं बॉन्डिंग का टिकलं नाही, त्याचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं. तुमचे दातही अशा पाण्याचे असतील तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

सुळ्यांचं बॉन्डिंग आठवड्याने केलं, म्हणजे रंग व्हेनिअरशी जुळवता येतो. मटेरियलचा छोटा ठिपका दातावर ठेवून, निळ्या लाइटने पक्का करून रंग पाहिला, मग तो काढून टाकला. पक्कं होताना रंग बदलतो, म्हणून. नंतर पातळ थर, लाइट, पुन्हा थर. दोन सुळ्यांच्या नुसत्या पॉलिशला 40 मिनिटं लागली. पॉलिश जितकं गुळगुळीत, तितकी हळद कमी चिकटते.

खर्च: व्हेनिअर प्रत्येकी 12,000, बॉन्डिंग प्रत्येकी 3,500, नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) 4,000, बाकी क्लीनिंग आणि ब्लीचिंग वेगळं.

आता 14 महिन्यांचा हिशेब. व्हेनिअरचा रंग आणि चकाकी पहिल्या दिवसासारखीच आहे. मी दिवसातून तीनदा चहा पिते, सावजी रस्सा खाते, तरी काही फरक नाही. थंड लागणं तीन आठवड्यांत थांबलं. सुरुवातीला एका व्हेनिअरच्या कडेला हिरडी लाल व्हायची, तिथे सिमेंटचा कण राहिला होता. तो काढल्यावर बरी झाली. असं काही वाटलं तर थांबू नका, लगेच दाखवा.

बॉन्डिंगला मात्र जपावं लागतं. सहाव्या महिन्यात सुळ्यांवर किंचित पिवळी झाक आली, पॉलिशने गेली. नवव्या महिन्यात उसाचं कांडं दाताने सोलायला गेले आणि डाव्या सुळ्याचं टोक उडालं. चूक माझीच होती. पण दुरुस्ती त्याच संध्याकाळी, अर्ध्या तासात, 1,000 रुपयांत झाली. बॉन्डिंगचा हा मोठा गुण आहे; व्हेनिअर फुटली असती तर ती नव्याने करावी लागली असती. मॅडमच्या मते व्हेनिअर नीट सांभाळली तर 10 ते 15 वर्षं जाते, बॉन्डिंग त्याच्या निम्मं.

सुळे झिजले होते ते मी झोपेत दात खाते म्हणून. त्यामुळे रात्री नाइट गार्ड न चुकता घालते. त्यावर उमटलेल्या रेघोट्या पाहिल्या की तो नसता तर दातांचं काय झालं असतं ते समजतं. ब्रश मऊ, कोळशाची किंवा खरखरीत पावडर बंद, अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद, दोरा दाताने तोडणं बंद. दोरा तोडायची सवय मोडायला दोन महिने लागले. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, आधी तो सोडा आणि मगच यावर पैसे घाला. माझ्या एका सहकाऱ्याचं बॉन्डिंग त्यापायी तीन महिन्यांत तांबूस झालं.

कोणाला काय घ्यावं? डाग फिके असतील, एखादा कोपरा तुटला असेल, दोन दातांत फट असेल, तर बॉन्डिंग पुरतं आणि दातही फारसा घासावा लागत नाही. माझ्यासारखे गडद, पूर्ण दातभर पट्टे असतील तर व्हेनिअरचा खर्च सार्थकी लागतो. डॉक्टर निवडताना त्यांनी पूर्वी केलेल्या कामाचे वर्षभरानंतरचे फोटो मागा, त्याच दिवसाचे नको.

माझ्या भाचीचे दात माझ्यासारखेच आहेत, ती तेरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला मॅडमकडे नेलं. त्या व्हेनिअरला नाही म्हणाल्या. या वयात दाताची नस मोठी असते आणि हिरडी अजून वर सरकायची असते. वरचा डागाळलेला थर हलकाच काढून पॉलिश केलं, दोन बैठकींत, एनॅमल अगदी थोडंच खर्ची घालून. पट्टे बरेच फिके झाले. परवा तिने शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो पाठवला. पहिल्या रांगेत उभी आहे आणि तोंड उघडून हसते आहे.