कॅरोल किंग यांची ‘टॅपेस्ट्री’: आपली चाल, आपलाच आवाज

फेब्रुवारी 1971 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टॅपेस्ट्री’ ही अमेरिकी गायिका-संगीतकार कॅरोल किंग यांची गाण्यांची तबकडी मी कित्येक वर्षे ऐकत आले आहे. ती घ्यावी का, असे कोणी विचारले तर दुसऱ्या बाजूवरचे तिसरे गाणे आधी ऐका, असेच मी सांगते.

ते गाणे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या किंग यांनी त्याला चाल लावली तेव्हा त्या अवघ्या 18 वर्षांच्या होत्या आणि शब्द त्यांचे पती जेरी गॉफिन यांचे होते. हे जोडपे न्यूयॉर्कमध्ये इतरांसाठी गाणी रचत असे. ‘शिरेल्स’ या मुलींच्या गटाने म्हटलेले हे गाणे 1961 च्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या गाण्याची लय उडती आहे, तीत नव्या प्रेमाची धडधड आहे. दहा वर्षांनी, लॉस एंजेलिसला, किंग स्वतः पियानोवर बसल्या तोवर तो संसार मोडला होता; त्यांनी लय बरीच संथ केली. जोनी मिचेल आणि जेम्स टेलर हे गायक मागून हलकेच सूर धरतात. उद्याही तुझे प्रेम राहील ना, हा प्रश्न तोच आहे, पण विचारणारीला आता उत्तराची कल्पना आहे, हे पहिल्याच ओळीत जाणवते.

त्यांचा आवाज घोटीव नाही. वरच्या सुरांना तो किंचित खरखरतो, आणि निर्माते लू अ‍ॅडलर यांनी ती खरखर झाकली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. वेष्टनावरच्या छायाचित्रातही तसाच साधेपणा आहे: खिडकीशी अनवाणी बसलेल्या किंग, हातात स्वतः भरतकाम केलेले कापड, पुढ्यात मांजर. ‘स्मॅकवॉटर जॅक’ हे गाणे मात्र या घरगुती मैफलीत मला उपरे वाटते.

ही तबकडी सलग 15 आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिली आणि 1972 मध्ये तिला संगीतातले चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तरी मला अधिक थोर वाटते ते शेवटच्या गाण्यातले धैर्य. ‘नॅचरल वूमन’ ही किंग यांचीच चाल, पण ते गाणे गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी 1967 मध्ये असे गाजवले होते की त्यानंतर ते कोणी म्हणू धजू नये. किंग त्या उंचीशी स्पर्धा करत नाहीत. पियानोच्या आधाराने, जणू चाल नुकतीच सुचली आहे आणि खोलीत दुसरे कोणी नाही, अशा त्या गातात.