पायलट व्हायचंय : बीएस्सी एव्हिएशन की सरळ फ्लाइंग स्कूल?

माझ्या भाच्याचं बारावी झालं तेव्हापासून घरी हाच वाद चाललाय. ताई म्हणते डिग्री हवीच, तो म्हणतो गोंदियाला बिरसीच्या फ्लाइंग स्कूलला जातो, थेट सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतो.

खरं सांगायचं तर लायसन्सला डिग्री लागतच नाही. डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक खात्याला, बारावी फिजिक्स-मॅथ्स, १८ वर्षं पूर्ण, क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी), नेव्हिगेशन, मेट (हवामानशास्त्र) वगैरे पेपर ७० टक्क्यांनी पास आणि २०० तास फ्लाइंग, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे), मुख्यतः एवढंच बघायचंय. बीएस्सीला तीन वर्षं जातात आणि बऱ्याच ठिकाणी फ्लाइंगचे पैसे वेगळेच, हे आधी नीट विचारा, नाहीतर डिग्री हातात आणि लॉगबुक (फ्लाइंगच्या तासांची वही) कोरं!

फ्लाइंग स्कूलमध्ये लवकर होतं म्हणतात, पण पाऊस, ढगाळ हवा, विमान मेंटेनन्सला, की तास अडकलेच.

डिग्रीचा खरा फायदा एकच, उद्या मेडिकल गेलं तर हाताशी काहीतरी राहतं. पण ते मुक्त विद्यापीठातून फ्लाइंग करता करता पण होतं की, आणि स्वस्तात.

मी भाच्याच्या बाजूने आहे, फक्त फी भरायच्या आधी मेडिकल करून घे म्हटलंय. ताई अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.